पाण्याच्या टाकीची जागा

खंडेनवमीच्या सकाळी झुंबरबाईच्या अंगणात अकरा कोयते धुऊन, हळदीकुंकू लावून घोंगडीवर ओळीनं मांडले होते. त्या ओळीच्या टोकाला बारावा मानकरी उभा होता, तो मात्र घोंगडीवर मावणारा नव्हता. शाळेनं मोडीत काढलेली मिनीबस. सतरा वर्षं पोरं वाहून तिचा जीव मेटाकुटीला आलेला. प्रीतमनं तिला झकास निळा रंग दिला होता खरा, पण दारांच्या कडांनी जुना पिवळा रंग अजून डोकावत होताच.

या गाडीनं पाच महिन्यांत घरात दोन पक्ष पाडले होते. एका बाजूला सुग्रीव, झुंबरबाईचा थोरला. तो ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम होता आणि त्याच्या मते ही गाडी म्हणजे निव्वळ भंगार होतं. दुसऱ्या बाजूला त्याचाच पोरगा प्रीतम. परभणीला गाड्यांच्या बॉडी बांधायच्या गॅरेजात तो सहा वर्षं घासला होता आणि या मिनीबसचं चालतं-फिरतं घर करायचं वेड त्यानंच डोक्यात घेतलं होतं. प्रीतमच्या मागं त्याचा काका भारत, आणि भारतच्या मागं त्याची बायको बबिता. झुंबरबाईचं म्हणाल तर ज्या दिवशी ज्याच्या हातचा चहा गोड लागेल त्या दिवशी ती त्याच्या पक्षात.

गाडीच्या आतलं निम्मं काम बबिताचं होतं. प्रीतमनं मोबाइलवर बघून प्लायवूडची कपाटं आखली तेव्हा ती हसली होती. "बाबा, सतरा हंगाम मी फडावर आठ बाय दहाच्या पाचटाच्या कोपीत संसार केलाय," ती म्हणाली होती. "कपाट नको, खुंटी दे. जे टांगता येतं ते जागा खात न्हाई." आणि तिनं जुन्या गोधड्यांचे लांब पट्टे शिवले, त्यांना खिसे लावले. कंगव्यापासून कुकरपर्यंत ज्याला त्याला आपला खिसा. गाडी कितीही आदळली तरी एक वाटी वाजायची नाही. प्रीतमनं त्याचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला आणि तो बघूनच नांदेडच्या राजेश्वर सरांचा फोन आला.

सर आणि त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई, दोघांच्या गळ्यात इष्टलिंग. आंघोळ करून लिंगपूजा केल्याशिवाय अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, हा दोघांचा जन्माचा नेम. त्यापायी नोकरीत असताना कुठं जाणं झालं नव्हतं. आता दिवाळीच्या पाडव्यापासून महाशिवरात्रीपर्यंत महादेवाची ठाणी बघत फिरायचं होतं, ड्रायव्हरसकट गाडी हवी होती. वैजयंतीबाईंनी फोनवर दोनच गोष्टी मागितल्या. रोज दोघांच्या आंघोळीला भरपूर पाणी, आणि जिथं कुणाचा पाय पडत नाही अशी पूजेची जागा. आज दुपारी चारला दोघं गाडी बघायला येणार होते.

पाडवा ते शिवरात्र. तोडीचे महिनेही तेच. सरांनी हो म्हटलं की भारत ड्रायव्हर होणार होता आणि बबिता घरी राहणार होती. नाही म्हटलं तर परवा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, टोळीचा ट्रक दारात येणारच होता. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. सुग्रीवच्या टोळीत अकरा कोयते, त्यात सगळ्यात चपळ कोयता भारत-बबिताचा. झुंबरबाईही टोळीच्या भाकरी थापायला जायची, म्हणून घराला कुलूप. मग बबिताची लेक प्रियदर्शनी दर हिवाळ्यात पाथरीला आत्याकडं. यंदा ती दहावीला होती. आत्या वाईट नव्हती, पण तिच्याकडं तीन लहान लेकरं होती आणि प्रियदर्शनी आल्या दिवसापासून त्यांची आई व्हायची. गेल्या होळीला बबिता परत आली तेव्हा पोरीचे हात बघून तिला रडू फुटलं होतं. माझे हात फडात असे झाले, हिचे घरात बसून कसे झाले?

म्हणून आज बबिता पहाटेपासून एकच गोष्ट मनात घोकत होती. ही गाडी आज पास झाली पाहिजे.

आणि बाराच्या सुमाराला भारत गाडी फाट्यापर्यंत फिरवून आला, तो तोंड पाडूनच.

"काय झालं?" बबितानं विचारलं.

"काई न्हाई."

"काई न्हाई तर तोंड कामून असं झालंय?"

भारतनं इकडंतिकडं बघितलं. "आज पहिल्यांदाच टाकी गच्च भरून नेली ना. उतारावर स्टेअरिंग हलकं पडायलंय गं. मी वळवायलाव अन् गाडी ऐकंना. पुढचं तोंड जमिनीला टेकलंच न्हाई असं वाटायलंय. एका टिप्परला घासता घासता राहिलो. म्हातारी मानसं कशी बसवावी त्यात?"

त्यांचं बोलणं हळू होतं, पण सुग्रीवचे कान मुकादमाचे. तो बाजेवर टोळीची वही घेऊन बसला होता.

"ऐकू आलं बरं का मला," तो म्हणाला. "पाच महिन्यांपास्नं बोंबलायलाव मी. शाळंनं टाकून दिलेली गाडी, तिच्यात काय जीव हाय? भारत, त्या सरांला फोन लाव. येऊ नका म्हनावं. खामखा नांदेडपास्नं हेलपाटा त्यांला. तुमचं नाव टाकतो वहीत, इषय संपला."

"आप्पा, गाडीत खोट न्हाई," प्रीतम उसळला. "इंजिन खोलून बघितलंय मी. ब्रेक नवे हायेत."

"मग स्टेअरिंग कामून हलकं पडायलंय? सांग की, इंजिनियर!"

प्रीतमला खरंच कळत नव्हतं. बबिताला खूप काही बोलायचं होतं, पण तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ओठ मिटले. या घरात येऊन तिला सतरा वर्षं झाली होती आणि थोरल्या दिराशी ती समोरासमोर एक शब्द बोलली नव्हती. भांडण नव्हतं, रीत होती. फडात दोघं चार हातांवर ऊस तोडत, तरी पाण्याची घागर इकडं द्या एवढं सांगायलाही मध्ये भारत लागे. ती भारतला सांगे, भारत सुग्रीवला सांगे, आणि घागर मात्र सुग्रीवच्या हातून सरळ तिच्या पुढ्यात येई.

भाकरीच्या पिठाचे हात झटकत झुंबरबाई बाहेर आली. कुणाला काही न विचारता ती गाडीच्या मागं गेली. मागच्या चाकाजवळ उकिडवी बसली, टायरवरून हात फिरवला. मग गुडघ्यावर हात टेकत उठली, पुढच्या चाकापाशी जाऊन तसाच हात फिरवला.

"मागल्या चाकाचं पोट बघा कसं सुटलंय," ती म्हणाली. "अन् पुढचं बघा, उपाशी हाय. उलाळ झाली की रं गाडी."

प्रियदर्शनीनं विचारलं, "उलाळ म्हंजी गं आजी?"

"म्हंजी सगळं वजन मागं. बैलगाडीत ऊस मागं जादा भरला की जू वर उचलतं, बैलाच्या गळ्याला फास बसतो. तुझा आजा, आश्रुबा, कारखान्यावर नावाजलेला गाडीवान होता. पाच मोळ्या इकडं, पाच तिकडं, नुसता दांडीला हात लावून सांगायचा उलाळ हाय का धुरजड, म्हंजी पुढं जड. ह्या पोरानं अडीचशे लिटर पानी कुठं ठेवलंय?"

"मागच्या पलंगाखाली," प्रीतम म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "व्हिडिओत सगळे तिथंच ठेवतेत आजी. मी दर बारीला रिकाम्या टाकीवर चालवून बघितलं."

"तेच की," सुग्रीव बोलून गेला. "चाकाच्या बी मागं ठेवलंय ते. हुनारच उलाळ."

बोलला आणि लगेच वहीत मान घातली. पण झुंबरबाईनं वळून त्याच्याकडं बघितलं.

"तुला मालूम होतं?"

"सकाळी टाकी भरली तवा दिसलं मला. उभी कशी हाय त्याच्यावरूनच कळतंय."

"अन् गप बसलास?"

सुग्रीव वहीची पानं उलटत राहिला.

"तुझा पाठचा भाऊ बसला होता रं त्यात," झुंबरबाईचा आवाज चढला. "तुला टोळीला कोयता पाहिजे म्हनून आश्रुबाच्या लेकानं उलाळ गाडी रस्त्याला जाऊ दिली? लाज वाटाय पाहिजे."

बबिताच्या अंगाची लाही लाही झाली. टिप्पर, उतार, भारत. मनात आलं की आत्ता जावं आणि याची वही चुलीत घालावी. पण सुग्रीवचा चेहरा बघून तिचा हात कमरेवरच राहिला. हा माणूस कधी खाली बघायचा नाही, तो आता पायाच्या अंगठ्याकडं बघत बसला होता. फाट्यापर्यंत जाऊन येतोय, तेवढ्यानं काय होतंय, असं त्यानं स्वतःला समजावलं असणार. आता ते समजावणं कामाला येत नव्हतं.

थोड्या वेळानं त्यानं वही बाजेवर ठेवली आणि बाह्या सारल्या. "प्रीतम, पाने आण. भारत, टाकी मोकळी कर. पानी वाया घालू नका, म्हशीला पाजा. चार वाजायला लय टाइम न्हाई."

पुढचे दोन तास अंगणात नुसती धांदल. सुग्रीव एकदा कामाला लागला की मग ते काम कुणाचं, कुणाच्या फायद्याचं, हे त्याला आठवत नसे. टाकी कुठं घ्यायची याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. दोन्ही चाकांच्या मध्ये, ड्रायव्हरच्या पाठीमागं, खाली तळाला.

"तिथं पूजेची जागा हाय आप्पा," प्रीतम म्हणाला. "काकूनं केलेली."

"मग पूजा मागं न्या."

बबितानं प्रियदर्शनीला कोपरानं ढोसलं. "सांग, मागं दार हाय. तिथं चपला काढायच्या, तिथंच पाय धुवायचे. पूजा मागं जमायची न्हाई."

"मोठे बाबा, आई म्हनते..."

"ऐकू आलं म्हनावं. दोन हातांवर तर हाय ती. मग टाकी काय डोक्यावर घेऊ का?"

बबितानं टाकीकडं बघितलं. स्टीलची चौकोनी टाकी, प्रीतमनं पलंगाखाली बसावी म्हणून चपटी बांधून घेतलेली. गुडघ्याएवढी उंच, वरून सपाट. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"प्रिया, सांग! टाकी तिथंच घ्या, अन् पूजेचा पाट तिच्यावर बसवा. खाली पानी, वर देव. पाटाला चारी बाजूंनी पट्टी मारली की हालायचा न्हाई. गुडघ्याएवढ्या उंचीवर कुनाचा पाय पडतोय?"

प्रियदर्शनीनं तोंड उघडायच्या आधीच सुग्रीव वाकून माप घ्यायला लागला होता. माप घेता घेता पुटपुटला, "डोकं हाय बाईला." हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, पण ऐकलं सगळ्यांनी.

टाकी हलवली. उसाचा ट्रक बांधायचा जाड पट्टा सुग्रीवनं स्वतःच्या सामानातून आणला आणि टाकी चारी अंगांनी आवळली. प्रीतमनं नवा पाइप जोडला. पाणी सोडून बघायची वेळ आली तेव्हा सुग्रीव गाडीखाली उताणा पडून जोड धरून होता. वरून पाइपचं तोंड सरकतंय हे पहिल्यांदा बबिताला दिसलं.

"प्रिया, त्यांना सांग, पाइप..."

प्रियदर्शनी "मोठे बाबा" म्हणेपर्यंत पाइप निसटला आणि घागरभर पाणी सुग्रीवच्या छातीवर बदाबदा पडलं. प्रीतमला हसू आवरेना. भारत तोंड फिरवून खोकायला लागला. झुंबरबाई तर मटकन खालीच बसली हसत.

सुग्रीव निथळत बाहेर आला. "तुझ्या आईला म्हनावं," तो प्रियदर्शनीला म्हणाला, "एक शब्द सरळ बोलली असती तर माझा सदरा वाचला असता."

बबिता पदरात तोंड लपवून हसली. हसता हसता तिला वाटलं, खरंच की. काय अडलं होतं?

टाकी पुन्हा गच्च भरली. या वेळी सुग्रीव स्वतः स्टेअरिंगवर बसला, ओल्या सदऱ्यानिशी. भारत शेजारी, प्रीतम मागं. गाडी उताराकडं गेली आणि बबिता दारात उभी राहिली. चुलीवर दूध होतं, पोळ्या लाटायच्या होत्या, पण तिचा पाय हलेना. वीस मिनिटांनी निळी गाडी वळणावर दिसली. वळण तिनं असं घेतलं की वाटावं सतरा वर्षांत तिनं दुसरं काही केलंच नाही. सुग्रीव खाली उतरला, दार लावलं, पत्र्यावर थाप मारली.

"बसली जमिनीला," तो म्हणाला.

तेवढ्यात भारतचा फोन वाजला. सर गंगाखेडच्या पुढं आले होते, अर्ध्या तासात पोचत होते. प्रियदर्शनी झेंडूचा हार गाडीला बांधायला धावली. बबितानं पाटावर धुतलेलं पांढरं कापड अंथरलं, हातानं चार सुरकुत्या मोडल्या. खिडकीतून तिरपं ऊन नेमकं पाटावर येत होतं. छान दिसत होती जागा, कुणालाही बसावंसं वाटेल अशी.

ती खाली उतरली तेव्हा सुग्रीव बाजेवर बसून वही उघडत होता. ओला सदरा तसाच अंगात.

"गाडी चांगली झाली," तो म्हणाला. "झाली ती झाली म्हनतो मी. पण मोठ्या लोकांचं काय सांगावं? बघून जातेत, कळवतो म्हनतेत, अन् दिवाळी झाल्यावर कळवतेत की न्हाई जमत. मंग तुमी काय करनार? माझा ट्रक तवर गेलेला असतोय. म्हनून नाव टाकून ठेवतो. सर हो म्हनले तर खोडू."

बोलणं काही वावगं नव्हतं. इतकं रास्त होतं की भारतनं मान हलवली. "टाक दादा. टाकून ठेवायला काय हरकत हाय?"

बबितानं नवऱ्याकडं बघितलं. दरवर्षी असंच व्हायचं. टाकून ठेवलेलं नाव कधी खोडलं जात नव्हतं. प्रियदर्शनी हार बांधता बांधता थांबली होती. ती झेंडूच्या एका फुलाची पाकळी पाकळी काढत राहिली. गेल्या दसऱ्याला पाथरीची पिशवी भरतानाही ती अशीच गप्प होती.

सुग्रीवनं पेनाचं टोपण काढलं आणि 'भा' लिहिला.

"दादा, माझं नाव लिहू नका."

आवाज कुणाचा हे क्षणभर कुणाला कळलंच नाही. सुग्रीवनं वर बघितलं. त्याच्या समोर तीन हातांवर बबिता उभी होती. डोक्यावर पदर होता, पण ती त्याच्याकडं बघत होती, सरळ.

"सर हो म्हनू देत न्हाई तर न्हाई म्हनू देत," ती म्हणाली. पहिला शब्द निघाल्यावर पुढचे आपोआप येत होते. "त्यांचं ठरायचं ते ठरंल. माझं ठरलंय. ह्या वर्सी मी फडात येत न्हाई अन् माझी लेक पाथरीला जात न्हाई. ही गाडी न्हाई लागली तर दुसरं गिऱ्हाईक बघू, न्हाई तर मी इथं गावात खुरपायला जाईन, गोधड्या शिवीन. पर मला सांजच्याला लेकीपाशी निजायचंय. सतरा वर्सं तुमी म्हनाल त्या फडात आले मी, कधी तोंडातनं चकार शब्द काढला न्हाई. आता काढायलेय."

झुंबरबाई चुलीपाशी उभी होती, हातात उलथनं.

"सतरा वर्सांत पहिल्यांदा बोलली," सुग्रीव हळूहळू म्हणाला, "अन् बोलली ती न्हाई म्हनायला."

"कान हायेत ना तुला?" झुंबरबाई म्हणाली. "मंग ऐक की. अन् यंदा तुझ्या टोळीच्या भाकरी दुसरं कुनी बघ. मी बी थकले."

आता मात्र सुग्रीव खरोखर हादरला. त्यानं आईकडं बघितलं, पोराकडं बघितलं, निळ्या गाडीकडं बघितलं. सगळीकडून घेरल्यासारखा तो थोडा वेळ पेन हातात फिरवत बसला. टोळी दहा कोयत्यांवर आली होती आणि दसरा उद्यावर. मग त्यानं 'भा' वर एक आडवी रेघ मारली, वही मिटली आणि प्रियदर्शनीकडं वळला.

"तुझ्या आईला म्हनावं..." तो थांबला. ओल्या सदऱ्याची बाही पिळली. मग मान वळवून नीट समोर बघितलं.

"बबिता, टाकीचा पट्टा रोज सकाळी हातानं चाचपून बघाय पाहिजे. वाटंनं सैल पडतोय तो. भारतच्या ध्यानात ऱ्हायचं न्हाई, मला माझा भाऊ मालूम हाय. रोज फोन करून इचारायचं त्याला, पट्टा बघितला का म्हनून. गाडी काढायच्या आधी."

"इचारीन, दादा," बबिता म्हणाली. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत.

"अन् प्रीतम, तू रं! पुढच्या गाडीला टाकी बांधायच्या आधी मला इचार."

"पुढच्या गाडीला?" प्रीतमनं डोळे मोठे केले.

"एका गाडीवर काय धंदा हुतोय का?"

गल्लीच्या तोंडाशी कारचा हॉर्न वाजला. प्रियदर्शनीनं हाराची गाठ घाईघाईनं मारली, भारत सदरा खोचत पुढं धावला. बबितानं घोंगडीपाशी जाऊन ओळीतला आपला कोयता उचलला. मुठीवरचं हळदीकुंकू तिच्या तळव्याला लागलं. दुसऱ्या हातात नारळ घेऊन ती गाडीच्या पुढच्या चाकाकडं निघाली. पाहुणे दारात आले होते आणि गाडीचा नारळ फोडायचा अजून राहिला होता.